अनुभव धागा : थिएरी ऑन्री तुम्हाला कुठे भेटला?

फ्रान्सचा फुटबॉलपटू थिएरी ऑन्रीवर लेख लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पण एकट्याने लिहिण्यापेक्षा सगळ्यांच्या आठवणी एका जागी वाचायला मला जास्त आवडेल, म्हणून हा धागा.

आकडे बहुतेकांना पाठ असतील. लंडनच्या आर्सेनल क्लबसाठी २२८ गोल, फ्रान्ससाठी १२३ सामन्यांत ५१. १९९८चा विश्वचषक, २०००चा युरो. २००३-०४ला आर्सेनलने एकही सामना न हरता लीग जिंकली तेव्हा त्याचे एकट्याचे ३० गोल. पुढे बार्सिलोनात गेल्यावर २००९मध्ये चॅम्पियन्स लीगही. प्रशिक्षक झाल्यावर मात्र मोनॅकोत जेमतेम तीन महिने, माँट्रियलला सव्वा वर्ष, मग फ्रान्सच्या तरुण संघाकडे आणि २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रौप्यपदक.

मोठा खेळाडू प्रशिक्षक म्हणून अडखळला की लोकांचं प्रेम हळूहळू आटतं. ऑन्रीच्या बाबतीत तसं झालेलं मला दिसत नाही. आमच्या ग्रुपमध्ये त्याचं नाव निघालं की चाळिशीतली माणसं एकदम कॉलेजातली होतात. हे कशामुळे, ते तुम्ही सांगा. कुठे पाहिलात, कोणाबरोबर पाहिलात, काय वाटलं, सगळं लिहा. टीकासुद्धा लिहा, २००९ला आयर्लंडविरुद्ध त्याने हाताने चेंडू ओढला त्याबद्दलही. फक्त मेस्सी-रोनाल्डो वाद इथे नको, त्याला इतर जागा भरपूर आहेत.

डोंबिवलीहून, बँकेत नोकरी

१ ऑक्टोबर २०००, रविवार. मी इंजिनिअरिंगला होतो. घरात टीव्ही एकच, आणि बाबा क्रिकेट सोडून काही बघायचे नाहीत. त्या संध्याकाळी आर्सेनल-मँचेस्टर युनायटेड लागलं होतं आणि ते पेपर चाळत बाजूला बसले होते.

ऑन्री गोलकडे पाठ करून उभा. ग्रिमांदीचा पास आला. त्याने चेंडू पायाने अलगद वर उचलला, अंगाभोवती वळला आणि चेंडू खाली टेकायच्या आत मारला. पुढे आलेल्या बार्तेझच्या डोक्यावरून चेंडू आत. बार्तेझ म्हणजे फ्रान्सच्या संघातला त्याचाच गोलकीपर. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "पाठ होती ना रे त्याची?" रिप्ले दाखवला तेव्हा ते टीव्हीजवळ जाऊन उभे राहिले.

तिथून आमच्या घरात फुटबॉल सुरू झालं. शनिवारी मी क्लासहून आलो की बाबा ऑन्रीच्या शर्टाच्या नंबरावरून विचारायचे, "तुझा चौदा नंबर आज आहे का?" ऑफसाइड म्हणजे काय हे त्यांना मी जेवणाच्या ताटावर वाट्या मांडून समजावलंय. हायबरी या आर्सेनलच्या जुन्या मैदानावरचा शेवटचा सामना, मे २००६, विगनविरुद्ध, आम्ही दोघांनी एकत्र पाहिला. हॅटट्रिक झाली आणि तो गुडघ्यावर बसून त्या हिरवळीच्या पाया पडला. हो, मी पाया पडलाच म्हणेन. त्याने ओठ टेकवले, पण आमच्या घरात त्याचा अर्थ तोच लागला. ज्या मैदानाने आपल्याला घडवलं त्याला नमस्कार केल्याशिवाय निघायचं नाही, हे बाबांना इतकं पटलं की पुढे कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला तो प्रसंग सांगत होते.

माझ्यापुरतं या धाग्याचं उत्तर हेच आहे. ज्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही ऑन्री बघता क्षणी कळायचा.

कोल्हापूरहून, पोरांना फुटबॉल शिकवतो

आमच्याकडं फुटबॉल पेठेपेठेत आणि तालमीतालमीत आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानं लवकर बंद होतात, घरातली चार माणसं चार संघांची असली तर जेवताना बोलणं बंद असतंय. त्यामुळं ऑन्री आमच्याकडं टीव्हीवरनं आला तरी परका वाटला नाही.

मी त्याला खेळाडू म्हणून बघायचो, आता शिकवणारा म्हणून बघतो. त्याचा तो एक गोल सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे एक प्रकार, जो त्यानं शेकड्यानं मारला. डाव्या बगलेत चेंडू घ्यायचा. पायाला चिकटवून ठेवायचा नाही, लांब पुढं ढकलायचा आणि मोकळ्या जागेत पळायचं. बचाववाला मागं मागं सरकायला लागला की आत वळायचं. शेवटच्या पावलाला तो डावा पाय चेंडूच्या शेजारी टेकवायचा, कंबर उघडायचा आणि उजव्या पायाच्या आतल्या बाजूनं लांबच्या खांबाकडं चेंडू सोडायचा. फटका नव्हेच तो, पास म्हणा. गोलकीपरला तो जवळच्या खांबाकडं मारणार असं वाटत राहतं, कारण डोळे आणि खांदा तिकडं असतात.

पोरांना हे शिकवणं सगळ्यात अवघड. सगळ्यांना जोर लावायचा असतो. मी लांबच्या खांबाच्या आत वीतभर जागा सोडून जाळीला एक बनियन बांधतो आणि सांगतो, त्याला लावा, पण जाळी हलता कामा नये. पहिले कितीतरी दिवस निम्मे चेंडू रस्त्यावर जातात. मग एखाद्या पोराला एकदम जमतं, आणि ते पोरगं घरी जायचं नाव काढत नाही.

आणखी एक. २००२-०३ला त्यानं लीगमध्ये २४ गोल केले आणि २० गोल दुसऱ्यांना करून दिले. आमच्या पोरांची भांडणं शेवटचा पाय कुणाचा लागला यावरनं होतात. त्यांना मी हा हिशेब सांगतो. स्वतः गोल करू शकत असताना शेजारच्याला चेंडू देणारा फॉरवर्ड मैदानातल्या माणसाला आवडतो. गोल मारून झाल्यावर तो नाचायचाही नाही, बऱ्याचदा चेहऱ्यावर रेघसुद्धा हलायची नाही. आमच्या वस्तादांना तेच फार भावलं होतं.

सांगलीहून

वरच्या कोल्हापूरच्या सरांना एक विचारायचं आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, फॉरवर्ड खेळते, पण डावखुरी आहे. डाव्या बगलेतून हे सगळं तिला जमत नाही, आत आली की पाय अडकतात. ती रोज ऑन्रीच्या क्लिप बघते आणि रडकुंडीला येते. काय करावं?

नेरुळहून

धाग्यात ऑन्री आहे, पण माझा अनुभव फ्रान्सच्याच निकोला अनेल्काचा आहे, आणि दोघांची गोष्ट एकमेकांत इतकी गुंतलेली आहे की इथेच लिहितो.

१९९९च्या उन्हाळ्यात आर्सेनलने अनेल्काला रेआल माद्रिदला विकलं, दोन कोटी पौंडांहून जास्त पैसे घेऊन. त्यातल्या साधारण निम्म्या पैशांत युव्हेंटसकडून ऑन्री आला. युव्हेंटसने त्याला कडेला खेळवून वाया घालवला होता. मोनॅकोपासून त्याला ओळखणाऱ्या आर्सेनलच्या प्रशिक्षकांनी, आर्सेन वेंगर यांनी, त्याला मधे आणला. सुरुवातीला गोलच होईनात, मग साउदॅम्प्टनविरुद्ध एक झाला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे अनेल्का गेला नसता तर ऑन्री त्या वर्षी आला असता की नाही, शंकाच आहे.

सोळा वर्षांनी तोच अनेल्का माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचा खेळाडू आणि प्रशिक्षक दोन्ही. २०१५चा मोसम. मी ऑफिसातून सुटून थेट जायचो. नॉर्थईस्टविरुद्ध सुनील छेत्रीने हॅटट्रिक केली, ५-१ने जिंकलो, ती रात्र मी विसरणार नाही. पण माझी नजर सारखी अनेल्काकडेच जायची. गोल झाला तरी चेहरा तसाच. लोक त्याच्या नावाने ओरडायचे, तो हात वर करायचा आणि परत मैदानाकडे बघायचा. आठ संघांत आम्ही सहावे आलो.

मला तो आवडला, मनापासून. पण प्रेम करायला त्याने कधी जागा दिली नाही. क्लबमागून क्लब बदलले, २०१० च्या विश्वचषकात प्रशिक्षकाशी वाद होऊन त्याला घरी पाठवलं, खेळाडूंनी सरावावर बहिष्कार टाकला आणि बसमध्ये बसून राहिले. ऑन्रीही त्या संघात होता आणि त्याचा फ्रान्ससाठीचा शेवटचा सामना तिथलाच. तरी लोकांनी त्या लाजिरवाण्या आठवड्याला ऑन्रीचं नाव चिकटू दिलं नाही. एका जागी आठ वर्षं राहून दिलेलं माणसांच्या लक्षात राहतं, असं मला वाटतं.

मडगावहून

नेरुळकर, त्याच मोसमात फातोर्ड्याला तुमच्यावर सात झाले होते, ७-०. मी स्टँडमध्ये होतो, म्हणून तेवढं नोंदवून ठेवतो.

आमच्याकडे २०१४ला ऑन्रीचा आर्सेनलमधला जोडीदार रॉबेर पिरेस आला, एफसी गोवासाठी, झिको प्रशिक्षक. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षीही चेंडू पायात आला की सगळं स्टेडियम गप्प व्हायचं. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा आर्सेनलचा जुना चौदा नंबरचा शर्ट घालून यायचे. एकदा मी म्हटलं, "आजोबा, पिरेसचा नंबर सात होता." ते म्हणाले, "म्हाका खबर आसा. पण ह्याला बघितलं की त्याची याद येता." पिरेस आणि ऑन्री डावीकडून एकमेकांसाठी जागा करायचे, ते ज्याने पाहिलंय त्याला हे कळेल. २००५ला मँचेस्टर सिटीविरुद्ध दोघांनी मिळून पेनल्टी घ्यायचा घाट घातला, पिरेसने हलकेच सरकवायचा आणि ऑन्रीने मारायचा. पिरेसचा पाय नीट लागलाच नाही आणि सगळा बेत फसला. सामना जिंकले म्हणून निभावलं. आजोबा तो किस्सा दर सामन्याला सांगायचे आणि आम्ही दर वेळी ऐकायचो.

डब्लिनहून, नर्स

आता दुसरी बाजू. मी मूळची सोलापूरची, इथे बरीच वर्षं आहे. १८ नोव्हेंबर २००९ला मी रात्रपाळीला होते. विश्वचषकात जाण्यासाठीची आयर्लंड-फ्रान्स शेवटची लढत, पॅरिसमध्ये. पहिला सामना इथे डब्लिनला फ्रान्सने १-०ने घेतला होता, गोल अनेल्काचाच. पॅरिसला रॉबी कीनने दोन सामने मिळून बरोबरी साधली आणि आयर्लंड इतकं सुरेख खेळलं की वॉर्डमधले पेशंट झोपायला तयार नव्हते. जादा वेळेत चेंडू बाहेर जात होता, ऑन्रीने हाताने आत ओढला, पुढे दिला, गॅलासने डोक्याने गोल केला. रेफ्रीला दिसलं नाही. सगळं संपलं.

माझ्या वॉर्डमध्ये एक म्हातारे गृहस्थ होते, ऑपरेशन होऊन दोन दिवस झालेले. ते ओरडले नाहीत. मला म्हणाले, "टीव्ही बंद कर बाई." एवढंच. दुसऱ्या दिवशी रस्त्यात, बसमध्ये, दवाखान्यात दुसरा विषय नव्हता. ऑन्रीने हात लागल्याचं कबूल केलं आणि सामना पुन्हा खेळवणं सर्वांत न्याय्य ठरेल असं जाहीरपणे म्हटलं. फिफाने नकार दिला. पुढे २०१५ला बाहेर आलं की आयर्लंडने कोर्टात जाऊ नये म्हणून फिफाने त्यांच्या संघटनेला पन्नास लाख युरो दिले होते. म्हणजे जखमेवर पैसे लावले.

सामना संपल्यावर ऑन्री आयर्लंडच्या रिचर्ड डनशेजारी मैदानातच जाऊन बसला, ते चित्र इथल्या लोकांना अजून आठवतं. काहींना त्यात माणुसकी दिसते, काहींना राग येतो. मला विचाराल तर त्या रात्री मला त्याचा खूप राग आला, आणि तो राग खरा होता. इथे तुम्ही त्याच्याबद्दल एवढं प्रेमाने लिहिताय, ते वाचताना इथल्या एका पिढीचा विश्वचषक त्या हातात गेला हेही धाग्यात राहू द्या.

नागपूरहून

डब्लिनच्या ताईंशी शंभर टक्के सहमत. मी ऑन्रीचा भक्त आहे, तरी सांगतो, त्याने तिथल्या तिथे रेफ्रीला जाऊन सांगायला हवं होतं. नंतरच्या कबुलीने सामना परत मिळत नाही. माझ्या खोलीतलं त्याचं पोस्टर मी काढलं नाही, पण त्या डिसेंबरात त्याच्याकडे बघवत नव्हतं.

लंडनहून, सॉफ्टवेअर

९ जानेवारी २०१२, आर्सेनलचं नवं मैदान एमिरेट्स, एफए कप, समोर लीड्स. मी मैदानात होतो.

त्याआधी महिनाभर, डिसेंबरात, क्लबच्या १२५ वर्षांच्या निमित्ताने स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा उभा केला होता. २००२ला टॉटेनहॅमविरुद्ध स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन पळत जाऊन केलेला गोल, आणि मग त्यांच्या पाठीराख्यांसमोर गुडघ्यावर घसरत गेला, ती मुद्रा. अनावरणाला तो रडला. जिवंतपणी स्वतःचा पुतळा बघणारा खेळाडू, आणि मग त्याच स्टेडियममध्ये परत शर्ट घालून उतरणार! अमेरिकेतला मोसम थांबलेला असतो म्हणून न्यूयॉर्क रेड बुल्सने त्याला दोन महिन्यांसाठी पाठवलं होतं. चौदा नंबर तेव्हा थिओ वॉलकॉटकडे होता. ऑन्रीने मागितला नाही, बारा घेतला.

सामना रटाळ चालला होता, ०-०. साधारण सत्तराव्या मिनिटाला तो उतरला. थोडा जाड झालेला, दाढी वाढलेली. माझ्या शेजारच्या खुर्चीत एक बाई होत्या, सत्तरीच्या, हायबरीपासूनचं सीझन तिकीट. त्यांनी माझा दंड धरला आणि सोडलाच नाही. दहा मिनिटांनी अलेक्स साँगचा पास आला, डावीकडे, नेहमीच्या जागी. एक स्पर्श, कंबर उघडली, उजवा पाय, लांबचा खांब. कोल्हापूरच्या सरांनी जे लिहिलंय ते तंतोतंत. चेंडू पायातून सुटला तेव्हाच आजूबाजूचे सगळे उभे राहिले होते. गोलकीपर पडायच्या आधी आम्हाला माहीत होतं.

आणि त्या रात्री तो नाचला. ज्याचा चेहरा कधी हलायचा नाही तो माणूस वेड्यासारखा धावत वेंगरकडे गेला, छातीवर मुठी आपटत. पुढे तो म्हणाला की पूर्वी आपण खेळाडू म्हणून गोल करायचो, त्या दिवशी पाठीराखा म्हणून केला. शेजारच्या बाई मला म्हणाल्या, "आज तो आमच्यातला होता." सुटल्यावर लोक घरी जाईनात, पुतळ्याभोवती गर्दी करून गात उभे होते, जानेवारीच्या थंडीत.

मोनॅकोत तो हरत होता तेव्हा आमच्या पबमध्ये कुणी हसलं नाही. लोक शनिवारी आर्सेनलचा निकाल बघून झाला की मोनॅकोचा निकाल बघायचे आणि काळजी करायचे.

ब्रसेल्सहून

१० जुलै २०१८, विश्वचषकाची उपांत्य फेरी, बेल्जियमसमोर फ्रान्स, आणि बेल्जियमच्या बाकावर रोबेर्तो मार्टिनेझचा सहायक म्हणून ऑन्री. आम्ही चौकात मोठ्या पडद्यासमोर होतो. उम्तितीने डोक्याने गोल केला, १-०ने बेल्जियम हरलं. कॅमेरा ऑन्रीवर गेला तेव्हा मला वाटलं लोक शिव्या घालतील, फ्रेंचच तो शेवटी. तसं काही झालं नाही. माझा सहकारी, पक्का ब्रसेल्सचा, म्हणाला, "आमच्या लुकाकूला यानेच शिकवलंय." लुकाकूने स्वतः लिहिलं होतं, लहानपणी घरच्या गरिबीमुळे टीव्हीवर ऑन्री बघता यायचा नाही आणि आता तोच रोज शिकवतो.

आंतिबहून, यॉटवर काम करतो, मूळ रत्नागिरी

हिवाळ्यात इथे यॉट दुरुस्तीला लागतात, संध्याकाळी मोकळा वेळ असतो. जानेवारी २०१९ला मी ट्रेनने मोनॅकोला जाऊन मोनॅको-नीस सामना पाहिला. एका बाकावर ऑन्री, दुसऱ्यावर पात्रिक व्हिएरा, दोघे आर्सेनलचे जुने सोबती. लुई द्वितीय स्टेडियम अजब आहे, मैदान पार्किंगच्या मजल्यांवर बांधलंय. निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

मी सगळा वेळ बाकाजवळच बघत होतो. ऑन्री स्वस्थ उभा राहतच नव्हता. पास चुकला की डोकं धरायचा, पोरांना हातवारे करून जागा दाखवायचा. मला ते बघवेना. त्याला जे दिसतंय ते त्या पोरांना दिसत नाही आणि तो ते पायाने करून दाखवू शकत नाही, हे लांबून कळत होतं. बेन्वा बादियाशील म्हणून सतरा वर्षांचा बचावपटू होता. महिनाभरापूर्वी पत्रकार परिषदेतून उठताना त्याने खुर्ची आत सरकवली नाही म्हणून ऑन्रीने त्याच्याकडे असं काही पाहिलं की पोराने मागे येऊन खुर्ची सरकवली. व्हिडिओ जगभर फिरला, बऱ्याच जणांनी ऑन्रीला खडूस ठरवलं. माझ्या मते त्यात वावगं काही नव्हतं, आमच्या बोटीवर कॅप्टनही तसंच बघतो. त्याच बादियाशीलने त्या रात्री बरोबरीचा गोल केला. १-१. आठ-नऊ दिवसांत ऑन्रीची नोकरी गेली.

माँट्रियलहून

मला फुटबॉलमधलं फार कळत नाही. नवऱ्यामुळे साप्युतो स्टेडियमला जायचे. २०१९च्या शेवटी ऑन्री इथे प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा शहरात फ्रेंच बोलणारा एवढा मोठा माणूस आला म्हणून सगळे खूश होते.

मग कोविड. सीमा बंद. माझा मुलगा तेव्हा शिक्षणासाठी नाशिकला आजीकडे होता आणि मी इथे. किती महिने त्याला भेटता येणार नाही हे कुणीच सांगू शकत नव्हतं. ऑन्रीची मुलं लंडनला. इथला संघ स्वतःच्या घरच्या मैदानावरही खेळू शकत नव्हता, "घरचे" सामने न्यूजर्सीत व्हायचे, म्हणजे तो पूर्वी जिथे खेळायचा त्या रेड बुल्सच्याच स्टेडियममध्ये. जुलैत फ्लोरिडाला सामना होता. अमेरिकेत पोलिसाने गुडघ्याखाली दाबून मारलेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या आठवणीसाठी ऑन्री सामना सुरू झाल्यापासून ८ मिनिटं ४६ सेकंद बाजूला एक गुडघा टेकून राहिला. खेळ चालू, आणि प्रशिक्षक जमिनीवर. आम्ही दोघं गप्प बसून टीव्हीकडे बघत होतो.

एवढ्या सगळ्यात त्याने संघाला प्लेऑफपर्यंत नेलं. फेब्रुवारी २०२१ला मुलांसाठी म्हणून पद सोडलं. काही लोक इथे नाराज झाले. मी झाले नाही. नंतर जानेवारी २०२४मध्ये एका मुलाखतीत तो बोलला की इथे एकटा असताना तो जवळजवळ रोज रडायचा, आणि खेळत होता तेव्हाही त्याला नैराश्य होतंच, फक्त त्याला ते कळलं नव्हतं. तो भाग मी स्वयंपाक करता करता ऐकला आणि गॅस बंद करून बसले. त्या हिवाळ्यात मीही बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून. एवढा मोठा, देखणा, सगळं जिंकलेला माणूस तसंच करत होता, त्याच शहरात. मी मुलाला व्हिडिओ कॉल केला आणि पहिल्यांदा त्याला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, "आई, मलाही तसंच व्हायचं."

माझ्यासाठी ऑन्री म्हणजे ती मुलाखत आहे.

पुण्याहून, कॉलेज

मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही. आमची पिढी त्याला टीव्हीवर मायका रिचर्ड्स, जेमी कॅरागर आणि केट अब्दो (आता केट स्कॉट) यांच्याबरोबर चॅम्पियन्स लीगवर बोलताना ओळखते. तो खेळाडूच्या डोक्यात त्या क्षणी काय चाललं होतं ते सांगतो. मी बालेवाडीला सराव करते, आमच्या मैत्रिणींत त्याच्या त्या तुकड्यांची देवाणघेवाण चालते. गोलच्या क्लिप नंतर बघितल्या. आधी बोलणं आवडलं, मग खेळ.

पॅरिसहून, संशोधक विद्यार्थी

९ ऑगस्ट २०२४, पार्क दे प्रिन्स, ऑलिम्पिक फायनल, फ्रान्स-स्पेन. तिकीट मिळालं हेच भाग्य.

पार्श्वभूमी सांगतो. ऑलिम्पिकसाठी क्लबांवर खेळाडू सोडायची सक्ती नसते. रेआल माद्रिदने एम्बापेला सोडलं नाही, इतर क्लबांनीही नकार दिले. ऑन्रीला यादी पुन्हा पुन्हा बदलावी लागली. शेवटी लाकाझेत कर्णधार, पुढे मातेता, बाजूला मायकेल ओलिसे. उपांत्य सामन्यात इजिप्तविरुद्ध एका गोलने मागे होते, मातेताने त्र्याऐंशीव्या मिनिटाला वाचवलं, जादा वेळेत ३-१.

फायनलला फ्रान्सने पहिला गोल केला आणि मग दहा मिनिटांत स्पेनने तीन. माझ्या मागच्या रांगेतले लोक उठून बाहेर पडले. ७९व्या मिनिटाला आक्लिउशने एक परत केला, आणि इंज्युरी टाइममध्ये पेनल्टी. मातेताने मारली. ३-३. तो आवाज मी आयुष्यात दुसरीकडे ऐकलेला नाही, सगळं स्टेडियम थरथरत होतं. जादा वेळेत स्पेनच्या कामेयोने दोन करून ५-३ने संपवलं.

हरल्यावर लोक थांबले होते. फ्रान्सला पुरुषांच्या फुटबॉलमध्ये १९८४च्या सुवर्णानंतर पहिलं पदक मिळालं होतं. ऑन्री एकेका पोराजवळ जाऊन त्याचं डोकं छातीशी धरत होता, कुणालाच चुकवलं नाही. माझ्या शेजारी एक टॅक्सीवाले काका होते, ले झ्युलिसचे, म्हणजे ऑन्री वाढला त्या उपनगरातले. मला म्हणाले की आमच्या इमारतींतून इतर शहरांत बातमी जाते ती गाड्या जाळल्याची, या मुलामुळे दुसरी बातमी गेली. मला त्याचा प्रशिक्षक म्हणून यशस्वी-अयशस्वी हिशेब तिथून पुढे मांडावासा वाटला नाही. दहा दिवसांनी त्याने वैयक्तिक कारण देऊन पद सोडलं. फ्रान्सने त्याला अजून थोडं धरून ठेवायला हवं होतं.

कोल्हापूरहून, पुन्हा

सांगलीच्या ताई, उशिरा उत्तर देतोय, स्पर्धा चालू होती. मुलगी डावखुरी असेल तर तिला उजव्या बगलेत खेळवा. सगळं तेच, फक्त आरशात. उजवीकडनं आत यायचं, उजवा पाय टेकवायचा, डाव्या पायाच्या आतल्या बाजूनं लांबचा खांब. वरच्या पोस्टमध्ये ओलिसेचं नाव आलंय, तो डावखुराच आहे आणि उजवीकडनं हेच करतो, ऑलिम्पिकला ऑन्रीच्याच हाताखाली खेळला. तिला महिनाभर ऑन्रीच्या क्लिप बंद करून ओलिसेच्या दाखवा. आणि जोर लावू देऊ नका. सुट्टीत घेऊन या, बनियन बांधून देतो.